हेराल्डवर स्पिटफायरची ट्रिब्यूट कार बांधताना या चुका टाळा

ट्रायम्फ स्पिटफायर ही १९६२ साली इंग्लंडमध्ये आलेली दोन आसनी उघडी स्पोर्ट्स कार भारतात कधी बनली नाही. मात्र ज्या हेराल्डच्या यंत्रसामग्रीवर ती उभी राहिली, ती हेराल्ड १९६१ पासून मद्रासच्या कारखान्यात ‘स्टँडर्ड हेराल्ड’ या नावाने तयार होत होती. दोन्ही गाड्यांचे आरेखन जोव्हान्नी मिकेलॉत्ती यांचे. पुढचे डबल विशबोन सस्पेन्शन, रॅक अँड पिनियन स्टिअरिंग आणि मागची आडवी पाट्यांची स्प्रिंग याही गोष्टी दोघींना समान. त्यामुळे नागपूरच्या महाल किंवा धरमपेठ भागातल्या एखाद्या जुन्या घराच्या आवारात ताडपत्रीखाली हेराल्ड उभी असेल, तर तिची स्पिटफायर करावी, म्हणजे स्पिटफायरसारखी दिसणारी ट्रिब्यूट कार बांधावी, असे वाटणे स्वाभाविक आहे आणि ती कल्पना माझ्या मते सुंदरही आहे. ती बिघडते ती पहिल्या काही आठवड्यांत घेतलेल्या निर्णयांमुळे, आणि मग अर्धवट कापलेली गाडी ना हेराल्ड राहते, ना स्पिटफायर होते.

चेसिस कापण्याची घाई

हेराल्डचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, २,३२४ मिलिमीटर आणि स्पिटफायरचा २,१०८ मिलिमीटर आहे. हा २१६ मिलिमीटरचा फरक पाहून बहुतेक जण असा निष्कर्ष काढतात की मधला तुकडा कापून दोन टोके वेल्डिंगने जोडली की काम झाले. खरा फरक लांबीत नसून रचनेत आहे. हेराल्डच्या चेसिसला, म्हणजे बॉडीखालच्या लोखंडी सांगाड्याला, मुख्य दोन पट्ट्यांपासून दोन्ही बाजूंना निघणारे आधार आणि त्यांना जोडणाऱ्या बाहेरच्या पट्ट्या आहेत, आणि गाडीचा बराचसा ताठपणा त्यांच्यावर अवलंबून असतो. स्पिटफायरमध्ये त्या बाहेरच्या पट्ट्या काढून टाकल्या आहेत व तो भार दाराखालच्या पेटीसारख्या सिलवर, म्हणजे बॉडीवर टाकला आहे. इतकेच नव्हे, तर मागच्या चाकांना पुढे-मागे सरकू न देणारे रेडियस आर्मसुद्धा हेराल्डमध्ये चेसिसला आणि स्पिटफायरमध्ये बॉडीला बोल्टने जोडलेले असतात. हेराल्डचे चेसिस आखूड करून त्यावर फायबरची हलकी बॉडी बसवली, तर हा भार घेणारे कोणी उरतच नाही. अशा गाडीची लक्षणे लगेच दिसतात: जॅक लावल्यावर दार उघडत नाही किंवा बंद होत नाही, खड्ड्यातून गेल्यावर विंडस्क्रीनच्या कोपऱ्यात तडा जातो आणि मागची चाके आपल्या मर्जीने दिशा बदलतात.

माझे स्पष्ट मत असे आहे की चेसिस अजिबात कापू नये. हेराल्डची बॉडी वेगवेगळ्या भागांत बोल्टने जोडलेली आहे आणि सलून, म्हणजे बंद छपराच्या हेराल्डचे छप्परही बोल्ट सोडून निघते, हे अनेकांना ठाऊक नसते. प्रदर्शनात गाडी उघडी दाखवायची असेल तर छप्पर उतरवता येते आणि रस्त्यावर नेण्याआधी पुन्हा बसवता येते. त्यासाठी ग्राइंडर हातात घेण्याची गरज नाही. उतरवण्यापूर्वी दारांच्या चारही बाजूंच्या फटी मोजून लिहून ठेवाव्यात, म्हणजे नंतर चेसिस खचले आहे की नाही हे अंदाजाने ठरवावे लागत नाही.

आरसीचा विचार शेवटी करणे

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील (आरसीतील) तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका कायम ठेवली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. आखूड चेसिसची दोन आसनी गाडी त्यामुळे वर्धा रोडवर कायदेशीरपणे फिरवता येणार नाही. ती खासगी आवारातच चालवायची असेल, तर तसे ठरवूनच बांधावी.

त्याहून मोठे नुकसान बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. २०२१ साली केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी आणली. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरे असलेला क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षे टिकते; अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसून प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कामांसाठी रस्त्यावर आणता येते. मात्र गाडी मूळ रूपात असली पाहिजे आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही अट आहे. आज हाती असलेल्या बहुतेक हेराल्ड वयाने या योजनेत बसतात. एक कट मारला की तो हक्क कायमचा जातो.

रंगाचेही तसेच आहे. रेसिंग हिरवा रंग मारण्याआधी आरटीओची परवानगी घेऊन आरसीवर नोंद करावी, कारण रंग हा आरसीतील तपशील आहे. मारुती जिप्सीचे १२९८ सीसी इंजिन बसवण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. इंजिनचा क्रमांक आणि क्षमता दोन्ही बदलत असल्याने लेखी मंजुरीशिवाय तो ऐकू नये. केलेला प्रत्येक बदल विमा कंपनीला लेखी कळवावा, नाहीतर अपघातानंतर दावा अडतो.

ट्रनियनमध्ये ग्रीस भरणे

स्पिटफायरचा आनंद तिच्या स्टिअरिंगमध्ये आहे, आणि हेराल्डच्या मालकाला तो आनंद फार काही न बदलता मिळू शकतो. म्हणून या भागाकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे असे मला वाटते. पुढच्या चाकाचा उभा दांडा खाली ट्रनियन नावाच्या आटे असलेल्या पितळी तुकड्यात बसतो आणि स्टिअरिंग फिरवताना त्या आट्यांतच फिरतो. ट्रनियनवर वंगण भरण्याचे निप्पल दिसले की गॅरेजमध्ये ग्रीसगन लावली जाते. येथे मात्र गिअरबॉक्समध्ये घालतात ते ९० नंबरचे तेल लागते, कारण घट्ट ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोहोचत नाही, पावसाळ्यात आत पाणी साचते, पोलादी आटे गंजतात आणि एके दिवशी गाडी वळवताना दांडा आट्यांपाशीच तुटून चाक आडवे पडते. स्टिअरिंग जड लागणे आणि वळणानंतर ते आपोआप सरळ न होणे ही आधीची सूचना समजावी. अशा वेळी दोन्ही ट्रनियन उघडून, जुने ग्रीस रॉकेलने धुऊन आटे तपासावेत. आटे खाल्लेले असतील तर वेल्डिंगने भरण्याचा विचारही करू नये, दांडा बदलावा. डावा व उजवा ट्रनियन वेगवेगळ्या दिशेच्या आट्यांचा असतो, त्यामुळे ते सुटे करताना खूण करून ठेवावी.

मागे स्विंग ॲक्सल आहे, म्हणजे प्रत्येक चाक आपल्या अर्ध्या ॲक्सलसह वर-खाली झुलते. वेगात वळणावर असताना ॲक्सिलरेटर एकदम सोडला, तर मागचा भाग उचलला जातो, बाहेरचे चाक खाली दुमडू लागते आणि गाडी मागून घसरते. ट्रायम्फने हा दोष १९७० च्या स्पिटफायर मार्क ४ मध्ये स्प्रिंगचे बहुतेक पाटे मध्यभागी झुलते ठेवून आणि पुढचा अँटी-रोल बार (वळणावर गाडीचे कलणे रोखणारा दांडा) जाड करून कमी केला. गाडी खाली बसावी म्हणून स्प्रिंगचे दोन-तीन पाटे काढून टाकणे हा त्यावरचा उपाय नव्हे. तसे केल्यास सिमेंट रस्त्यांच्या उंच कडा आणि वस्तीतले स्पीडब्रेकर सायलेन्सरचा लवकरच निकाल लावतील. मागच्या चाकांचा कोन दोन माणसे आत बसवून मोजावा, आणि झुलती स्प्रिंग बसवायची असेल तर जाड अँटी-रोल बारसह बसवावी.

ब्रेक आणि चाके

पुढे ड्रमच्या जागी डिस्क ब्रेक बसवल्यावर काही किलोमीटरमध्ये चाके तापतात आणि गाडी उतारावरही सहज घरंगळत नाही, ही तक्रार नेहमीची आहे. ड्रम ब्रेकच्या लाइनमध्ये थोडा दाब राखून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो डिस्कच्या लाइनमध्ये तसाच राहिला तर पॅड डिस्कला घासत राहतात. तो व्हॉल्व्ह काढावा आणि मास्टर सिलिंडरचा व्यास नव्या कॅलिपरला (पॅड दाबणाऱ्या भागाला) पुरेसा आहे का, हेही पाहावे.

हेराल्डच्या चाकांचे चार बोल्ट ९५.२५ मिलिमीटरच्या वर्तुळावर आहेत. बाजारात सहज मिळणारी १०० मिलिमीटरची अलॉय चाके नट आवळून ‘बसतात’, पण ती वाकडी बसतात आणि स्टड तुटतात.

नागपूरचा उन्हाळा आणि आजचे पेट्रोल

मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात गाडी हायवेवर नीट चालते, व्हरायटी चौकातल्या सिग्नलला बंद पडते आणि अर्ध्या तासाने जणू काही झालेच नाही अशी सुरू होते. अशा वेळी कार्ब्युरेटरचे जेट बदलत बसण्याऐवजी आधी एक तपासणी करावी. प्लगला ठिणगी येत नसेल तर बहुधा तापलेली इग्निशन कॉइल दोषी आहे. ठिणगी येत असेल आणि कार्ब्युरेटरची वाटी कोरडी असेल, तर पेट्रोलची नळीत वाफ झाली आहे. त्या क्षणी पंपावर ओले फडके ठेवणे पुरेसे होते. कायमचा उपाय म्हणजे नळी एक्झॉस्टपासून दूर नेणे, मध्ये उष्णतारोधक पत्रा लावणे आणि कार्ब्युरेटरखाली जाड इन्सुलेटर बसवणे. इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकू नये. आधी रेडिएटर उघडून आतला गाळ स्वच्छ करून घ्यावा.

आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, जे जुन्या रबरी नळ्या मऊ करते आणि मिश्रण पातळ करते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते. इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या टाकाव्यात, कार्ब्युरेटरची सुई थोडी ‘रिच’, म्हणजे जास्त इंधन सोडणारी, करावी आणि पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवावी. शिसेविरहित पेट्रोलमुळे झिजणाऱ्या जुन्या सिलिंडर हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हला कठीण सीट बसवून घेणेही त्याच वेळी उरकावे.

फायबरचे बॉनेट हिंगण्यातल्या एखाद्या शेडमध्ये घडवून घेणार असाल, तर उन्हाळ्यातले काम पहाटे करावे आणि हार्डनरचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास ठेवावे, कारण दुपारच्या उष्णतेत रेझिन ब्रश फिरण्याआधीच जमते. मूळ लोखंडी बॉनेट भंगारात देऊ नये.

स्पिटफायरचा बॅज लावण्यास हरकत नाही, पण दुसऱ्या गाडीच्या चेसिस क्रमांकाची पट्टी आणून लावणे हा गुन्हा आहे, आणि गाडी विकताना ती हेराल्ड आहे हे पावतीवर लिहून द्यावे. अंतिम रंगाला घाई नको: गाडी प्रायमरमध्येच एक हिवाळा आणि एक उन्हाळा चालवावी, गळती, घासणारी नळी, सैल बोल्ट, दारांच्या बदललेल्या फटी यांची वही ठेवावी, आणि वहीत नवीन नोंद होणे थांबल्यावरच रंगाच्या कामाला गाडी द्यावी.