खिशातच ओळखा, आजोबांचा फोन
आजोबा विट्याला, नात बंगळूरला. रोज रात्री फोनवर गोष्ट. मग त्यांच्या फोनची थरथर वेगळीच हवी! नातीच्या आयफोनवर आजोबांच्या संपर्कात ‘एडिट’, ‘रिंगटोन’, मग ‘हॅप्टिक्स’ उघडा. जुन्या फोनवर तिथं ‘व्हायब्रेशन’ दिसेल. ‘क्रिएट न्यू व्हायब्रेशन’ निवडून पडद्यावर ताल धरा. टिचकी म्हणजे छोटा धक्का, बोट दाबून धरलं की लांब. कुस्तीच्या फडातल्या हलगीचा साधा ठेका झकास बसतो. फार कलाकुसर खिशात कळत नाही.
दोघांकडे ॲपल वॉच असेल तर गोष्टीत वाघ आला की आजोबांनी घड्याळात ‘मेसेजेस’मधल्या ‘डिजिटल टच’वर (स्पर्शानं संदेश पाठवायची सोय) दोन बोटं दाबून धरायची. त्यांच्या काळजाचे ठोके नातीच्या मनगटावर वाजतात. नेट मात्र दोन्हीकडे धड हवं, नाहीतर वाघ गेल्यावर धडधड पोचायची!