डिफेन्सला खेळायचं ठरवलंय? मग झानेत्तीची कारकीर्द नीट बघा

कोल्हापुरात सरावाला नवी पोरं आली की बहुतेकांना फॉरवर्डलाच खेळायचं असतं. ज्याला राइट बॅक, म्हणजे उजव्या बाजूचा डिफेंडर, किंवा स्टॉपर, म्हणजे मधला डिफेंडर, म्हणून उभं केलं जातं, त्याला वाटतं आपल्याला कमी लेखलं. मी स्वतः पेठेच्या संघातून बरीच वर्षं राइट बॅकला खेळलो आणि आता मुलांना शिकवतो. डिफेन्सला नव्याने लागलेल्या प्रत्येकाला मी एकाच खेळाडूबद्दल वाचायला आणि त्याच्या मॅचेस बघायला सांगतो. वर्ल्ड कप आला की आपल्या गल्ल्यांत अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, त्यांच्याबरोबर मॅराडोना आणि मेस्सीचे फोटो असतात. मी म्हणतो तो खेळाडू त्या फोटोंत सहसा नसतो. त्याचं नाव हाविएर झानेत्ती. मेस्सीसारखं खेळायला कुणी कुणाला शिकवू शकत नाही. झानेत्तीने जे केलं त्यातलं बरंचसं मात्र शिकवता येतं आणि मन लावलं तर शिकताही येतं.

त्याचा जन्म 10 ऑगस्ट 1973 चा, ब्युनोस आयर्सचा. शहराला लागून असलेल्या डॉक सूद या बंदराच्या, कामगारांच्या वस्तीत तो वाढला. वडील गवंडी, आई लोकांच्या घरी साफसफाईची कामं करायची. इंडिपेंडिएंते या मोठ्या क्लबच्या मुलांच्या संघात तो होता, पण अंगाने किरकोळ म्हणून त्याला काढून टाकलं. त्यानंतर काही काळ फुटबॉल बाजूला ठेवून तो वडिलांच्या हाताखाली बांधकामावर राबला. पुढे खालच्या डिव्हिजनमधल्या ताजेरेस क्लबने त्याला घेतलं. तिथून तो 1993 मध्ये बानफील्डला गेला आणि 1994 मध्ये कोच पासारेलाने त्याला अर्जेंटिनाच्या संघात बोलावलं. म्हणजे ज्याला अंगापिंडावरून नाकारलं होतं, तो काही वर्षांत देशाकडून खेळत होता.

ट्रायलला नाव आलं नाही म्हणून घरी बसलेल्या मुलांसाठी हा भाग मी मुद्दाम सांगतो. चौदा-पंधराव्या वर्षी सगळ्यांची उंची सारखी वाढत नाही. ट्रायल घेणाऱ्याला दोन-तीन तासांत जे दिसतं त्यावरून तो ठरवतो, आणि त्या वयात त्याला आधी शरीरच दिसतं. त्यामुळे एका ट्रायलवरून स्वतःची किंमत ठरवू नका. छोट्या क्लबकडून बोलावणं आलं तर जा. मोठ्या क्लबच्या बाकावर बसण्यापेक्षा छोट्या क्लबकडून दर आठवड्याला पूर्ण मॅच खेळायला मिळणं डिफेंडरसाठी कितीतरी मोलाचं आहे. आपली जागा कधी सोडायची आणि कधी सोडायची नाही, हे सरावात कळत नाही. ते मॅचमध्ये, समोर खरा विंगर, म्हणजे कडेने चढणारा फॉरवर्ड, पळत असतानाच कळतं.

1995 मध्ये इटलीतल्या इंटर मिलान क्लबचा ताबा मासिमो मोरातींकडे आला. त्यांनी सुरुवातीला जे खेळाडू घेतले त्यांत दोघे अर्जेंटिनाचे होते, सेबास्टियन रामबर्त आणि झानेत्ती. चर्चा होती ती स्ट्रायकर असलेल्या रामबर्तची. रामबर्त इंटरकडून लीगची एकही मॅच खेळला नाही. झानेत्ती 858 मॅच खेळला, त्यातल्या 615 सेरी आ या इटलीच्या वरच्या लीगमधल्या. चाळिशी गाठेपर्यंत तो त्याच क्लबमध्ये होता. त्याची 4 नंबरची जर्सी क्लबने नंतर कुणालाच दिली नाही.

एवढी वर्षं तो टिकला त्यामागे माझ्या मते सगळ्यात मोठं कारण एकच आहे. कोचला जिथे माणूस हवा असेल तिथे तो उभा राहू शकत होता. राइट बॅक ही त्याची मूळ जागा. पण तो लेफ्ट बॅकला खेळला, विंग बॅकला खेळला, मिडफिल्डच्या मध्यातही खेळला. 2010 ची चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, इंटरने माद्रिदमध्ये बायर्न म्युनिकला 2-0 हरवून जिंकली. ती त्याची इंटरकडून 700 वी मॅच होती आणि त्या दिवशी त्याने सुरुवात मिडफिल्डला केली. त्याच्या आधीच्या सेमीफायनलला तो लेफ्ट बॅकला होता. राइट बॅकच्या जागेवर तेव्हा मायकॉन हा ब्राझीलचा जबरदस्त खेळाडू होता. माझी जागा मला द्या म्हणून झानेत्ती रुसून बसला नाही. मायकॉनसारखा खेळाडू आल्यावरही अकरा जणांत त्याचं नाव कायम राहिलं, कारण तो दुसऱ्या जागी तितकाच चांगला खेळत होता.

नव्या मुलांनी यातून सरावाची एक गोष्ट आजपासून उचलावी. दुसरा पाय तयार करा. भिंतीवर बॉल मारताना जेवढे पास उजव्याने देता तेवढेच डाव्याने द्या. पहिले काही महिने वैताग येतो, बॉल कुठेही जातो, पण नंतर पाय ऐकायला लागतो. याचा उपयोग काय, हे बघायचं असेल तर 30 जून 1998 ची मॅच काढा. फ्रान्समधलं सेंट एतिएन, वर्ल्ड कपची बाद फेरी, अर्जेंटिना विरुद्ध इंग्लंड. इंग्लंड 2-1 ने पुढे, हाफ टाइम होतच आला आहे. अर्जेंटिनाला बॉक्सजवळ फ्री किक मिळते. बातिस्तुता पळत येतो, सगळ्यांना वाटतं आता हा हाणणार. तो बॉलवरून तसाच पुढे निघून जातो. त्याच्या मागोमाग वेरोन येतो आणि जमिनीलगत हलका पास आत सरकवतो. तेवढ्यात इंग्लंडच्या भिंतीमागे लपलेला झानेत्ती बाजूने मोकळा होतो, उजव्या पायाने बॉल थांबवतो आणि डाव्याने गोलात मारतो. इंग्लंडचा गोलकीपर सीमन झेपावतो, पण उशीर झालेला असतो. ही हालचाल सरावात घोटल्याशिवाय जमत नाही. आणि शेवटचा फटका राइट बॅकने डाव्या पायाने मारलाय, हे मुलांना मी पुन्हा पुन्हा लावून दाखवतो. ती मॅच अर्जेंटिनाने पेनल्टीवर जिंकली.

त्याची टॅकल करण्याची पद्धतही अभ्यास करण्यासारखी आहे. आपल्याकडे अंगावर जाणं, घसरून पाय घालणं याला टाळ्या पडतात. स्टेडियममध्ये पब्लिक ओरडतं आणि पोराला वाटतं हेच डिफेन्स. झानेत्ती क्वचितच जमिनीवर पडायचा. अंग थोडं तिरकं, गुडघे वाकलेले, नजर समोरच्याच्या छातीवर न ठेवता बॉलवर, आणि विंगरला साइडलाइनकडे ढकलत न्यायचं. समोरचा चुकेपर्यंत थांबायचं. बॉल मिळाला की कंबर आणि पाठ मध्ये घालून तो असा झाकायचा की हिसकावून घेणं अवघड व्हायचं, आणि मग स्वतःच पुढे घेऊन निघायचा. त्या धावण्यावरूनच अर्जेंटिनात त्याला ‘ट्रॅक्टर’ म्हणायचे. इतक्या वर्षांत इंटरकडून त्याला रेड कार्ड मिळालं ते दोनदा. डिफेंडरसाठी हा आकडा मला त्याच्या ट्रॉफ्यांइतकाच मोठा वाटतो.

ट्रॉफ्यांचं म्हणाल तर 1998 मध्ये पॅरिसला लाझिओविरुद्ध युएफा कपच्या फायनलमध्ये त्याने लांबून सुंदर गोल मारला, इंटर 3-0 जिंकलं. त्यानंतर थेट 2005 पर्यंत काहीही नाही. मोठे खेळाडू आले, गेले. कोच बदलत राहिले. 5 मे 2002 ला लीगच्या शेवटच्या दिवशी इंटर पहिल्या नंबरवर होतं आणि रोममध्ये लाझिओकडून 4-2 हरून तिसऱ्या नंबरवर गेलं. पुढच्या वर्षी चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलमध्ये शेजारच्या एसी मिलानने बाहेर काढलं, तेही एकही मॅच न हरता, केवळ बाहेरच्या मैदानावरच्या गोलच्या नियमाने (बरोबरी झाली तर समोरच्याच्या मैदानावर जास्त गोल मारणारा संघ पुढे जायचा). ‘बाहेरचं’ मैदानही दोघांचं एकच होतं. बर्गोमीनंतर इंटरचा कॅप्टन झालेला झानेत्ती हे सगळं अंगावर घेत तिथेच राहिला. क्लब बदलणं चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. पण दोन सीझन वाईट गेले की दुसऱ्या संघाकडे जाण्याची भाषा करणाऱ्या पोरांना मी ही वर्षं वाचायला लावतो. त्यानंतर त्याच्या नावावर पाच लीग विजेतेपदं लागली आणि 2010 मध्ये लीग, कोपा इटालिया हा इटलीचा कप आणि चॅम्पियन्स लीग तिन्ही एकाच सीझनमध्ये आली.

आणि त्याच वर्षी, तिन्ही ट्रॉफ्या जिंकणाऱ्या संघाच्या या कॅप्टनला तेव्हा अर्जेंटिनाचा कोच असलेल्या मॅराडोनाने वर्ल्ड कपच्या संघात घेतलं नाही. इंटरमधला त्याचा जोडीदार काम्बियासोलाही नाही. 2006 लाही तेव्हाचा कोच पेकरमनने त्याला वगळलं होतं. दक्षिण आफ्रिकेत सुरुवातीला राइट बॅकला होनास गुतिएरेस या मुळात विंगर असलेल्या खेळाडूला उभं केलं आणि क्वार्टर फायनलमध्ये जर्मनीने अर्जेंटिनाला 4-0 असं धुतलं. मला आजही तो निर्णय पटत नाही. झानेत्तीने मात्र त्यावर तमाशा केला नाही. मॅराडोनाचं कोचपद गेल्यावर त्याला पुन्हा बोलावणं आलं आणि 2011 च्या कोपा अमेरिकात, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, तो देशाकडून खेळला. अर्जेंटिनाकडून 140 हून जास्त मॅच खेळूनही सीनियर संघाबरोबर मोठी स्पर्धा त्याला जिंकता आली नाही. निवड आपल्या हातात नसते. बोलावणं येईल त्या दिवशी आपण तयार असणं, एवढंच आपल्या हातात असतं.

शरीराबद्दल थोडंसं. लग्नाच्या दिवशीही आपण सराव केला, असं तो स्वतः सांगत आलाय. तुम्ही तेवढं करू नका, पण सीझन संपल्यावर दोन-दोन महिने पूर्ण बंद ठेवणं हे आपल्याकडचं मोठं नुकसान आहे. पावसाळ्यात मैदान नसेल तर जिना आहे, दोरीउड्या आहेत, मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे व्यायाम आहेत. 28 एप्रिल 2013 ला पालेर्मोमध्ये खेळताना झानेत्तीच्या टाचेची शीर, म्हणजे अकिलीस टेंडन, तुटली. वय 39. अनेकांनी मानलं की संपलं. नोव्हेंबरमध्ये लिवोर्नोविरुद्ध तो परत मैदानात उतरला आणि मे 2014 मध्ये स्वतः ठरवून निवृत्त झाला. दुखापत झालेल्या पोरांना माझं सांगणं आहे, फिजिओने सांगितलेला शेवटचा महिना गाळू नका. दुखणं थांबलं म्हणजे स्नायू तयार झाला, असं नसतं.

निवृत्तीनंतर तो लगेच इंटरचा उपाध्यक्ष झाला. त्याच्या आधीच, 2001 मध्ये, त्याने आणि बायको पाउलाने ब्युनोस आयर्सजवळच्या गरीब वस्तीतल्या मुलांसाठी ‘पुपी’ फाउंडेशन सुरू केलं होतं. पुपी हे त्याचं लाडाचं नाव. तुमच्यापैकी बहुतेकांना फुटबॉलवर आयुष्य काढता येणार नाही, हे पालकांनीही आणि तुम्हीही मोकळेपणाने मान्य करा. कॉलेज सोडू नका. खेळायची आवड टिकली तर कोचिंगचं डी लायसन्स किंवा रेफ्रीची परीक्षा हे रस्ते आहेत, आणि डिफेंडरला मागून सगळं मैदान दिसत असल्यामुळे या दोन्ही कामांत त्याला फायदा होतो असा माझा अनुभव आहे.

आता अभ्यास. 28 एप्रिल 2010, चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल, बार्सिलोना विरुद्ध इंटर, बार्सिलोनाचं मैदान काम्प नोउ. पहिली मॅच मिलानमध्ये इंटरने 3-1 जिंकलेली. इथे इंटरच्या थियागो मोताला पूर्वार्धातच रेड कार्ड मिळतं आणि इंटर दहा जणांवर येतं. शेवटी 1-0 हरूनही दोन्ही मॅच मिळून 3-2 ने ते फायनलला जातात. मॅच दोनदा बघा. पहिल्यांदा नेहमीसारखी, आवडीने. दुसऱ्यांदा बॉलकडे बघायचंच नाही, फक्त डाव्या बाजूच्या 4 नंबरकडे बघायचं. मेस्सी आत वळला की तो किती पावलं आत येतो, बार्सिलोनाचा राइट बॅक अल्वेस वर आला की कुणाला हाक मारतो, बॉल दुसऱ्या बाजूला असताना स्टॉपरपासून किती अंतरावर उभा असतो, हे वहीत लिहून काढा आणि पुढच्या सरावाला घेऊन या.