मुलांना कॅलरी समजावून सांगायच्या, पण भीती न घालता

या विषयावरचे बहुतेक सल्ले असं धरून चालतात की आकडे कळले की मूल शहाण्यासारखं खायला लागेल. तसं होत नाही. नुसते आकडे शिकवले की मूल आकडेच मोजायला लागतं आणि जेवणाच्या वेळी घासागणिक हिशेब सुरू होतो. मुलाला शिकवायचं ते एवढंच: अन्नातून ऊर्जा मिळते, ऊर्जेसोबत आणखीही काही मिळतं, आणि पोट भरलं की आपल्याला ते कळतं.

वय बघा

सात वर्षांखालच्या मुलापुढे कॅलरी हा शब्द काढू नका. या वयात तेच पाणी उंच पेल्यात ओतलं की मुलाला जास्त वाटतं. डोळ्यांना न दिसणारी ऊर्जा त्याला काय कळणार? भाज्या धुवायला द्या, वास घ्यायला लावा, पुरे. आठ-नऊच्या पुढे ऊर्जेबद्दल बोला, दहा-अकराच्या पुढे लेबल वाचायला द्या.

ऊर्जा डोळ्यांसमोर आणा

एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, ती अन्नाच्या भाषेतली एक कॅलरी. लेबलवर हीच किलोकॅलरी म्हणून छापलेली असते. मध्यम आकाराच्या केळ्यात साधारण १०० कॅलरी असतात, म्हणजे एक लिटर बर्फगार पाणी उकळीला आणायला पुरेल एवढी उष्णता. लिटरभर पाण्याचं पातेलं आणि शेजारी एक केळं ठेवून हे सांगा. मुलं केळ्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतात.

मग विचारा, ही ऊर्जा जाते कुठे? उत्तर ठरलेलं: पळण्यात, खेळण्यात. इथे लगेच दुरुस्त करा. ऊर्जेचा मोठा वाटा आपण काहीही करत नसतानाच खर्च होतो: हृदय, फुप्फुसं, शरीर गरम ठेवणं आणि मेंदू. पाचेक वर्षांच्या मुलाचा मेंदू तर शरीराला दिवसभरात लागणाऱ्या ऊर्जेतली ४० टक्क्यांहून जास्त ऊर्जा एकटाच वापरतो. ही दुरुस्ती राहिली तर मुलाच्या डोक्यात पक्कं बसतं की खेळलो नाही, तर जेवायचं नाही.

आणि ‘गाडीला पेट्रोल, तसं शरीराला अन्न’ हे उदाहरण कृपा करून सोडा. पेट्रोलमधून गाडीची चाकं वाढत नाहीत. मुलाची हाडं मात्र ताटातल्या अन्नातूनच वाढतात, आणि नेमकी तीच गोष्ट त्या उदाहरणातून निसटते.

शंभर कॅलरींची मांडणी: खरी कसोटी इथे

स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या आणि प्रत्येकी साधारण १०० कॅलरी भरतील एवढे पदार्थ शेजारी शेजारी मांडा: २५ ग्रॅम साखर, ११ ग्रॅम तेल, १५० मिलिलीटर दूध, एक मोठं सफरचंद, सव्वा उकडलेलं अंडं आणि ६५० ग्रॅम काकडी. काकडीचा ढीग ताटलीत मावत नाही. तेल म्हणजे वाटीच्या तळाशी जेमतेम अडीच छोटे चमचे. मुलं वाटी तिरकी करून बघतात, बोटाने कड पुसतात, आणखी कुठे लपवलंय का म्हणून विचारतात. कारण लगेच सांगून टाका: साखर किंवा प्रथिनं यांच्या एका ग्रॅममधून ४ कॅलरी मिळतात, तेला-तुपासारख्या स्निग्ध पदार्थांमधून ९. काकडी म्हणजे बहुतांशी पाणीच.

इथपर्यंत सगळं सोपं आहे. पुढच्याच क्षणी कुणीतरी निष्कर्ष काढतं: म्हणजे काकडी चांगली, तेल वाईट. या जागी मीही बराच काळ अडखळत असे, कारण मुलाचा तर्क चुकलाय हे दिसतं, पण नुसतं ‘तसं नसतं’ म्हटलं की ते ऐकून घेतं आणि मनात आपलंच धरून ठेवतं. बहुतेक मार्गदर्शकांत तर हाच निष्कर्ष बरोबर म्हणून दिलेला असतो. कमी कॅलरी म्हणजे चांगलं, हा वाढत्या मुलासाठी सर्वांत घातक धडा आहे. सगळं सांगून झालं आणि तो तसाच राहिला, तर न सांगितलेलं परवडलं असतं.

वाद घालू नका, प्रश्न विचारा. पहिला: दिवसाला १६०० कॅलरी लागणाऱ्या मुलाने फक्त काकडीच खायची ठरवली, तर किती लागेल? मुलांना गणित करू द्या. दहा किलोंच्या वर उत्तर येतं आणि हशा पिकतो. दुसरा: मग फक्त साखर खाऊया का? ४०० ग्रॅममध्ये काम होईल. इथे हसणं थांबतं, कारण काहीतरी बिनसतंय हे त्यांना जाणवतं, पण काय ते सांगता येत नाही. तेव्हा तिसरा प्रश्न टाका: या १०० कॅलरींबरोबर आणखी काय आलं?

प्रत्येक पदार्थापुढे एक कोरी चिठ्ठी ठेवा आणि मुलांकडूनच लिहून घ्या. अंड्याबरोबर प्रथिनं. दुधाबरोबर प्रथिनं आणि कॅल्शियम. सफरचंदाबरोबर चोथा आणि पाणी. तेलापुढे मुलं थांबतात; तिथे तुम्ही सांगा की अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं शरीरात शोषली जायला स्निग्ध पदार्थ लागतातच. साखरेपुढची चिठ्ठी कोरीच राहते. त्यावर काही बोलू नका. कोरी चिठ्ठी मुलांना दिसते.

दोन गोष्टी या टप्प्यावर कटाक्षाने टाळा. लाल-हिरव्या टिकल्या लावून पदार्थांना पास-नापास करणं ही पहिली. ‘रोजचं’ आणि ‘कधीमधी’ एवढी वाटणी पुरते. दुसरी म्हणजे ‘चॉकलेट खाल्लंस ना, आता अर्धा तास पळ’ हे वाक्य. त्याने खाणं गुन्हा होतं आणि खेळ शिक्षा. मुलाच्या वजनाचा विषय तर काढूच नका, स्वतःच्याही नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ साली पालकांना हेच सांगितलं: मुलांना डाएट करायला लावू नका, वजनावर बोलू नका, एकत्र जेवा. ‘काल फार झालं, आज मी जेवत नाही’ हे मोठ्यांचं वाक्य मुलं शंभर धड्यांपेक्षा नीट ऐकतात.

लेबल

आधी १०० ग्रॅममागचा आकडा बघायचा, मग ‘एका वेळची मात्रा’ किती छापली आहे ते. ती बऱ्याचदा हास्यास्पद लहान असते. मग साखर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार वरून घातलेली साखर, मध आणि फळांचा रस यांतून मिळणाऱ्या कॅलरी एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांहून कमी असाव्यात. १६०० कॅलरींना ही मर्यादा ४० ग्रॅम पडते. ३३० मिलिलीटर गोड शीतपेयात साधारण ३५ ग्रॅम साखर असते. वजाबाकी मुलांवर सोडा.

ताटावर

आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांची विभागणी मला सर्वांत पटते: काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, किती खायचं आणि खायचं की नाही, हे मुलाने. ‘ताट स्वच्छ कर’ या आग्रहाने पोट भरल्याची जाणीवच बोथट होते. नवी भाजी आवडायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही समोर यावी लागते, तेव्हा तिसऱ्यांदा नाक मुरडलं म्हणून यादीतून काढू नका. ‘भाजी संपव, मग गोड मिळेल’ हा सौदाही नको. भाजी म्हणजे शिक्षा आणि गोड म्हणजे बक्षीस, एवढंच त्यातून मूल शिकतं.

कधी थांबायचं

मूल स्वतःहून कॅलरी वहीत लिहायला लागलं, जेवण चुकवायला किंवा लपवायला लागलं, आरशासमोर पोट चिमटीत धरू लागलं, किंवा एखादा अन्नगट सरसकट सोडून बसलं, तर आकड्यांचा विषय तिथेच बंद करा. वजनकाटे आवरून ठेवा, उंची-वजनाच्या आधीच्या नोंदी घ्या आणि बालरोगतज्ज्ञांना भेटा. ‘वय आहे, जाईल’ म्हणून वाट बघू नका.