येऊरच्या जंगलात जायची तयारी, आणि चिमटा

पाणी, टोपी, ग्रिपवाले बूट, पॉवर बँक हे सांगायला नको. पाणी माणशी दोन लिटर तरी, ऑक्टोबरात सावलीतसुद्धा घामाच्या धारा लागतात. ओआरएसची पुडी ठेवा आणि ती अख्खी पुडी एक लिटर पाण्यातच टाका, अर्ध्या बाटलीत ओतून 'जरा स्ट्राँग' करणारे बघितलेत मी, तसं करायचं नसतं.

आता चिमटा. भुवया कोरायचा प्लकर असतो ना तोच, बारीक टोकाचा. पाऊस संपल्यावर वाटेच्या दोन्ही बाजूंना कमरेएवढं गवत माजलेलं असतं आणि त्यात गोचिडी, काही तर तिळाएवढ्या, चिकटली तरी कळत नाही. मागच्या खेपेला मी दुर्बीण घेतली, थेपले घेतले, चिमटा मात्र घरी राहिला. पोटरीवरची गोचीड मित्राने नखांनी उपटली, धड बाहेर आलं, तोंड आतच राहिलं, मग कित्येक दिवस गाठ आणि खाज. तर चिमटा. आत्ताच सॅकच्या वरच्या खणात टाका, पुढचं नंतर वाचा.

परवानगी. लोकांना येऊर म्हणजे ठाण्यातल्या उपवन तलावामागची टेकडी वाटते, तसं नाहीये, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे तो, शंभरावर चौरस किलोमीटरचं जंगल, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू. विनापरवानगी आत घुसणं गुन्हा आहे. कुठली वाट चालू, कुठली बंद हे वनखात्याकडे आधीच विचारा, 'आम्ही लोकलच आहोत' हे चौकीवर चालत नाही. बोरिवलीकडून जाणार असाल तर सोमवारी उद्यान बंद असतं. एअर फोर्सच्या हद्दीजवळ कॅमेरा आत, सेल्फीही नको. आणि एक गंमत, आपण ठाणेकर बेटावरच राहतो, साष्टी बेट, वर वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची, ती ओलांडून कळव्यात पाय ठेवला की बेट संपलं. तरी बेटावरचं शांत जंगल बघायला लोक अंदमानचं तिकीट काढतात.

कपडे फुल बाह्यांचे, मळकट रंगाचे, पँट मोज्यात खोचलेली. ध्यान दिसतं, दिसू दे. कारवी, म्हणजे आठ वर्षांनी एकदाच फुलणारं झुडूप, २०२४ ला फुलून गेली, आता थेट २०३२, आणि फुलून मेलेल्या कारवीच्या वाळक्या काटक्या हात ओरबाडतात. खाजकुयलीच्या तपकिरी मखमली शेंगा दिसल्या तर हात लावू नका, लागलंच तर चोळू नका, सेलोटेप चिकटवून ओढा म्हणजे कुसं निघतात. म्हणजे सेलोटेपही आला यादीत. काटा मोडला तर काय, चिमटाच. डिओ, परफ्युम अजिबात नको, आग्या मोहोळ असतं, त्यांना वास आणि धूर खपत नाही.

चालताना गप्प चाला, स्पीकर लावणाऱ्याला पुढच्या वेळी नेऊ नका. ऑफलाइन मॅप आधी उतरवून ठेवा, घळीत रेंज जाते. पोरं मोठ्यांच्या मधे, मागे रेंगाळू द्यायची नाहीत, बिबट्याचं घर आहे ते. संध्याकाळ व्हायच्या आत बाहेर, डिसेंबरात सहाला अंधारतं. घोणस, फुरसं, मण्यार सगळे आहेत, दगडाच्या फटीत हात घालू नका. चावलाच तर बांधणं, कापणं, चोखणं काही नाही, तो हातपाय हलवायचा नाही, १०८ ला फोन आणि सरळ हॉस्पिटल. पावसाळ्यात ओढ्यात उतरू नका, वर पाऊस झाला की खाली लोंढा येतो.

गोचीड दिसली की तिथल्या तिथे काढायची. चिमट्याने कातडीला अगदी लागून पकडा, सरळ वर, सावकाश, झटका न देता. पिळायची नाही, पेटती काडी नाही, तेल नाही, नेलपॉलिश नाही. मग साबणाने धुवा. पण हे सगळं चिमटा जवळ असेल तर, आणि 'ग्रुपमधे कोणाकडे तरी असेलच' असं म्हणू नका, आमच्या ग्रुपमधे प्रत्येकजण हेच म्हणत होता.

घरी आलात की कपडे गरम पाण्यात, आंघोळ, गुडघ्यामागे, काखेत, कंबरेच्या इलॅस्टिकखाली, कानामागे बघा, पोरांच्या केसात पण. पुढच्या दोन-तीन आठवड्यात ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेलो होतो हे आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. माकडताप गोचिडीनेच पसरतो, सिंधुदुर्गात २०१६ पासून केसेस झाल्यात. घाबरवायला नाही सांगत, फक्त डॉक्टरांपासून लपवू नका.

बूट उन्हात. टीएमटी बसचं टाइमटेबल आधी बघून ठेवा, परतीला येऊर गावातून रिक्षा मिळेलच असं नाही, उपवनपर्यंत उतरावं लागलं तर तेवढं पाणी राखून ठेवा.