जीपीएस घेऊन रानात गाडी घालताय? या चुका टाळा

दसऱ्यानंतर वाटा वाळायला लागल्या की बेळगाव-खानापूरकडची पोरं जीपा घेऊन जांबोटी-कणकुंबीच्या रानात उतरतात. हातात नवंकोरं जीपीएस, चुका मात्र दरवर्षी त्याच.

सगळ्यात महागात पडते ती अक्षांश-रेखांश भरतानाची घाई. जांबोटीच्या पुढं एका टोळक्याला मित्रानं मुक्कामाची जागा कळवली होती: १५ अंश ४१.५० मिनिटं. भरणाऱ्यानं टिंबाकडं बघितलंच नाही, ४१ मिनिटं ५० सेकंद भरून मोकळा झाला. खरं तर ४१.५० मिनिटं म्हणजे ४१ मिनिटं ३० सेकंद. त्या २० सेकंदांनी जागा उत्तरेला ६०० मीटर सरकली, थेट टेकाडापलीकडं. अंधार पडता पडता जीप ओहोळात रुतली. आम्ही गावातला ट्रॅक्टर घेऊन पोचलो तेव्हा पुढची दोन्ही चाकं ॲक्सलपर्यंत चिखलात होती, आणि स्क्रीनवर मुक्काम ८० मीटरवर दिसत होता.

माझी सवय सांगतो. आधी सेटिंगमध्ये आकड्यांची मांडणी पाठवणाऱ्याच्या मांडणीशी जुळवायची, मग भरायचं. भरून झालं की नकाशावरचा ठिपका बघत त्याला फोन लावायचा: जागा ओढ्याच्या अलीकडं की पलीकडं? हे घर सोडायच्या आधी, कारण पुढं रेंजचा भरवसा नाही.

दुसरी चूक स्क्रीनवरच्या बाणामागं धावायची. बाण सरळ रेषेत दिशा दाखवतो, मधली दरी त्याला कळत नाही. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशावर लगतच्या दोन समोच्च रेषांत (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) साधारण २० मीटर उंचीचा फरक असतो. अर्ध्या सेंटिमीटरात सहा रेषा दाटल्या असतील तर अडीचशे मीटरांत १०० मीटरांचा उतार. तिथं जीप घालायचीच नाही. चोर्ल्याकडं अशा जागा पुष्कळ. वाट घरी बसून आखा, वळणावळणावर वेपॉइंट, म्हणजे यंत्रात साठवलेल्या खुणा, टाका. एवढा धीर नसेल त्यानं डांबरीवरच राहावं.

जुन्या टोपोशीटवर, म्हणजे सर्व्हेच्या जुन्या नकाशांवर, एव्हरेस्ट डेटम असतो; डेटम म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायचा पाया. यंत्र डब्ल्यूजीएस ८४ या जीपीएसच्या डेटमवर ठेवून तिथले आकडे भरलेत तर शंभर मीटरांहून जास्त चुकाल. सेल बदलले की यंत्रातलं होकायंत्र पुन्हा कॅलिब्रेट करा, म्हणजे त्याची दिशा नव्यानं जुळवून घ्या. यंत्र बरेच दिवस बंद असेल तर मोकळ्या आभाळाखाली पंधरा मिनिटं ठेवा. उपग्रहाचा पूर्ण संदेश उतरायला साडेबारा मिनिटं लागतात; झाडीत उभं राहून यंत्राला शिव्या देऊ नका.

कुणाचा तरी तयार ट्रॅक, म्हणजे जीपीएसवर नोंदलेली वाट, उतरवून निघणं मला अजिबात पटत नाही. तो मार्चमधला असेल तर ऑक्टोबरात ओढ्याला पाणी असणारच. शिवाय ट्रॅक भीमगड अभयारण्यातून गेला असेल तर वनखात्याची परवानगी लागते. वाटेत गवळीवाडा लागला की थांबा, पुढं पाणी किती आहे ते विचारा, मगच गाडी घाला.