जाम इंजिनाला आधी तेल पाजा

किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत, त्यातही गोव्याच्या बार्देश-सासष्टीत, दोन-तीन पावसाळे उभा राहिलेला जुना बागेचा ट्रॅक्टर घेतलात, तर लगेच स्टार्टर मारू नका. गंजाने पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरलेल्या असतात. जोर केला की रिंग तुटते, आणि जुन्या मॉडेलची रिंग शोधता शोधता नाकीनऊ येतात. पेट्रोल इंजिन असेल तर स्पार्क प्लग काढा, भोकातून दोन-तीन चमचे डिझेल आणि एटीएफ तेलाचे (ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये घालतात ते पातळ तेल) मिश्रण सोडा. चार दिवस मुरू द्या. मग फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचे जड चाक, हाताने किंचित पुढे-मागे हलवा. नाही सुटले? पुन्हा तेल, पुन्हा थांबा. घाई इथेच घात करते! सुटल्यावर प्लग न लावताच इंजिन फिरवून उरलेले तेल बाहेर काढा आणि इंजिन ऑइल बदला, कारण ते मिश्रण खाली झिरपलेले असते.