काजू कारखान्याचा प्रोजेक्ट रिपोर्ट बँकेत देण्याआधी

तयार रिपोर्ट विकत आणू नका. त्यात नाव तेवढं तुमचं असतं, आकडे सगळ्यांना तेच, आणि बँकेतल्या साहेबांनी ते आधी पाहिलेले असतात. मांडणी आणि सही सीएकडून घ्या, आकडे मात्र स्वतः बसून काढा.

आधार, पॅन, फूड लायसन्स, ग्रामपंचायतीचा दाखला हे सांगायला नको. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, फुकट होते, तिचे कुणाला पैसे देऊ नका. जागेच्या कागदांना मात्र आजच हात घाला. कोकणात सातबारावर चुलते, आत्या, त्यांची मुलं सगळ्यांची नावं असतात आणि मुंबईकराची सही मिळेपर्यंत गणपती येतात. शेड भाड्याची असेल तर करार नोंदणीकृत हवा, कर्जाच्या मुदतीपेक्षा कमी वर्षांचा नको.

बॉयलर, कटर, ड्रायर, सोलणी यंत्र यांची कोटेशनं जीएसटी, वाहतूक आणि बसवणीसकट घ्या. थ्री फेज जोडणीचा खर्च वेगळा लिहा.

आता खेळतं भांडवल, म्हणजे माल घ्यायला आणि रोजचा धंदा चालवायला लागणारा पैसा. मागच्या वेळी माझ्या रिपोर्टात नेमकं हेच राहिलं होतं. यंत्रं आली, शेड उभी राहिली आणि ऐन हंगामात बी घ्यायला पैसे नव्हते. म्हणून हा भाग घाईत वाचू नका.

आपल्याकडे काजू बी येते साधारण मार्च ते मे. वर्षभर फोडायची बी त्याच दिवसांत विकत घ्यायची, उन्हात वाळवायची आणि पाऊस लागायच्या आत गोणी भरून कोरड्या जागी, फळ्यांवर रचायची. वाळल्यावर वजन घटतं, तेही हिशेबात धरा. पावसाळ्यात बी घ्यायला गेलात तर साठेवाला सांगेल तो दर.

एक हिशेब करून बघा. रोज ८० किलो बी, वर्षाचे २५० दिवस, म्हणजे २० टन. किलोला १२० रुपये धरले तर २४ लाख, आणि हे सगळे तीन महिन्यांत. चार किलो बीला साधारण एक किलो गर पडतो, म्हणजे ५ टन. पाकळी-तुकडा, म्हणजे दुभंगलेला आणि तुटलेला गर, धरून किलोला सरासरी ६५० रुपये मिळाले तर विक्री साडेबत्तीस लाख. बँकांमध्ये नायक समितीपासून (छोट्या उद्योगांच्या कर्जासाठी रिझर्व्ह बँकेने नेमलेली समिती) चालत आलेली रीत अशी, की खेळत्या भांडवलाची गरज वर्षाच्या अंदाजित उलाढालीच्या २५ टक्के धरायची, त्यातले २० टक्के बँकेचे, ५ टक्के आपले. या रीतीने बँकेकडून येतात साडेसहा लाख. तुम्हाला हवेत २४. बारमाही कच्चा माल मिळणाऱ्या धंद्याला ही रीत चालते, काजूला ती पुरत नाही, आणि हे तुम्ही दाखवल्याशिवाय समोरचा विचारणार नाही.

दाखवायचं कसं? बारा महिन्यांचे बारा रकाने आखा. बीची खरेदी, मजुरी, वीज, हप्ता एका बाजूला, वसुली दुसऱ्या. वसुली म्हणजे बिल फाडल्याची तारीख नव्हे, पैसे हातात पडल्याची. गणपती-दिवाळीला माल उठतो, पण दुकानदार उधारीवर नेतो. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याने, म्हणजे छोट्या उद्योगांच्या कायद्याने, उद्यम नोंदणी असलेल्या पुरवठादाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायला हवेत, तरी तुम्ही तक्त्यात ६० धरा. ज्या महिन्यात शिल्लक सगळ्यात खाली जाते, तेवढं तुमचं खेळतं भांडवल. तोच आकडा मागा. भीड पडून कमी लिहू नका. बँक तेवढं देणार नसेल तर पहिल्या वर्षी निम्मीच बी घ्या आणि उरलेले दिवस दुसऱ्याची बी मजुरीवर फोडून द्या, पण तसं रिपोर्टात आधीच लिहा आणि विक्रीचे आकडेही त्याप्रमाणे उतरवा.

सबसिडीवर बी घ्यायचा बेत करत असाल तर तो सोडा. पीएमईजीपीत, म्हणजे केंद्राच्या पंतप्रधान रोजगार निर्मिती योजनेत, ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के, महिला आणि राखीव गटांना ३५ टक्के मिळतात, पण ती रक्कम तीन वर्षं बँकेतच ठेवीत अडकून असते. मेमध्ये ती बीवाल्याला देता येत नाही. त्याच योजनेत प्रकल्प खर्चात खेळत्या भांडवलाचं एक आवर्तन (माल घेण्यापासून विक्रीचे पैसे येईपर्यंतचा एक फेरा) धरता येतं, जमिनीची किंमत धरता येत नाही. ते आवर्तन धराच. लोक यंत्रांचा आकडा फुगवतात आणि हे सोडून देतात, मग कारखाना कुलपात. पीएमएफएमईत, म्हणजे केंद्राच्या छोट्या खाद्यप्रक्रिया उद्योगांच्या योजनेत, सबसिडी ३५ टक्के, कमाल १० लाख.

राहिलेलं भराभर. विक्री कुणाला ते लिहा, दोन-तीन व्यापाऱ्यांची पत्रं जोडा. २४०, ३२० नंबरचा (एका पौंडात साधारण तेवढे नग बसतात) अख्खा गर आणि तुकडा यांचे दर वेगळे दाखवा. टरफल तेलवाले घेतात, ते उत्पन्नात धरा. सोलणीच्या बायकांची मजुरी आजच्या दराने. यंत्रांबरोबर बीच्या साठ्याचाही विमा. हप्ता सुरू होण्याआधी सहा महिने सवलत मागा, तीसुद्धा लेखी. घसारा, ताळेबंद सीए बघेल.

रिपोर्टात तो बारा रकान्यांचा रोखीचा तक्ता पहिल्या पानामागे लावा, शेवटी नको. एक प्रत स्वतःकडे ठेवा, दुसरीवर तारखेसकट पोच घ्या. आणि हे सगळं डिसेंबरपर्यंत बँकेत गेलं पाहिजे, कारण मार्चमध्ये बी यायला लागते.